पान्यावरची रेघ

२ एप्रिल

ती. मामांना साष्टांग नमस्कार.

पाकीट बघून तुम्ही आधी विचाराल, कोण आजारी आहे. माणसांपैकी कोणी नाही. आजारी आहे ती ताईची गाडी.

ताईला पठारापलीकडच्या दवाखान्यात परिचारिकेची जागा मिळाली. एक मेला हजर व्हायचंय. भावोजींची बोट ऑगस्टशिवाय परत येत नाही, म्हणून ती आणि तिची छकुली दोघीच गाडीने जाणार. वाटेत आठ दिवस नणंदेकडे मुक्काम, मग शेवटचा टप्पा. तो टप्पा तुम्हाला माहीत आहे. तुमच्या गावाकडून येणारा रस्ता जिथे मिळतो तो पेट्रोल पंप, आणि त्यानंतर एकशे ऐंशी किलोमीटर घर नाही, झाड नाही, फोन लागत नाही. सगळी चढण, आणि ऐन उन्हाळ्यात.

आता गाडी. दोन वर्षांत दोनदा हेड गॅस्केट गेलं, हेड आणि ब्लॉकच्या सांध्यातून पाणी गळलं. दोन्ही वेळा दुसऱ्या गॅरेजवाल्याने तेच जुने बोल्ट परत आवळले. मी हेड काढून बोल्ट शेजारी शेजारी ठेवले, तर दहातले चार इतरांपेक्षा लांब, ताणले गेलेले. म्हणून बोल्टऐवजी बाहेरच्या कंपनीचे स्टड मागवलेत. दहा स्टड, नट, वॉशर, ग्रीसची पुडी आणि बारीक अक्षरातला सूचनांचा कागद. मी स्टड याआधी एकदाच बसवलेत, तेही बाबा शेजारी उभे असताना.

बाबा गेल्यावर वर्कशॉप विकून टाक म्हणणारी पहिली ताईच होती. आणि आता चावी टेबलावर ठेवून म्हणाली, "तूच कर." एवढंच. मला त्या दोन शब्दांची भीती वाटते. नीट सांगा, काहीही गृहीत धरू नका. फोन केला असता, पण गेल्या वेळी नुसती तब्येत विचारली तर तुमची अख्खी गल्ली गोळा झाली होती.

आपली,
धाकटी


७ एप्रिल

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

गल्ली अजून विचारते, भाची बरी आहे ना, इतकी का ओरडत होती. फोन हे कान असलेल्यांचं यंत्र आहे. मेसेज करा म्हणतात, तर माझा अंगठा एका वेळी तीन अक्षरं दाबतो. पत्र बरं. सावकाश वाचता येतं आणि कोणी मध्ये बोलत नाही.

बाहेरचे स्टड ही आजकालची नाटकं आहेत, असं लिहायला बसलो होतो. पण तुझे चार लांबलेले बोल्ट परत वाचले आणि ती ओळ खोडली. बोल्ट आवळताना पिळला पण जातो आणि ताणला पण जातो. स्टड ब्लॉकमध्ये स्वस्थ उभा राहतो, फिरतो फक्त नट. त्यामुळे ओढ सरळ बसते. तेव्हा तुझं बरोबर आहे. हे वाक्य कापून ठेव, मी पुन्हा लिहीन असं नाही.

आधी ब्लॉकमधली भोकं. आटे नुसते साफ कर, नव्याने पाडू नकोस. साफ करायच्या पातळ द्रावणाने धुतलंस की हवा मारून तळापर्यंत कोरडी कर. तळाशी चमचाभर तेल जरी राहिलं आणि वरून स्टड उतरला, तर तेल जाणार कुठे? ते ब्लॉक फोडतं. मी फुटलेला पाहिला आहे. स्टड हाताने बसव, हात थांबला की थांब. पाना लावायचा नाही. ग्रीस वरच्या आट्यांना, नटाच्या बुडाला आणि वॉशरच्या दोन्ही अंगांना. पुडीतलंच ग्रीस. त्याऐवजी इंजिन ऑइल लावलंस तर कागदावरचा आकडा खोटा ठरतो.

आवळायचं मधून बाहेर, तीन फेऱ्यांत. तुझ्या बाबांना वर्कशॉप उघडताना मी दिलेला टॉर्क पाना असेलच, लावलेल्या आकड्याइतका जोर आला की टक् वाजतो तो. त्याचे आकडे पुसले गेलेत, नुसती घरं राहिलीत. पहिल्या दोन फेऱ्या घरं मोजून केल्यास तरी चालेल. शेवटची फेरी मात्र दांड्यावर मी कानशीने घासलेल्या रेघेवर. ती एकशे दहाची रेघ. कागदावरही एकशे दहाच असणार. डोळे मिटून तिथे लाव, मोजत बसू नकोस.

छकुली किती मोठी झाली? फोटोत तिचा एक दात दिसत नाही.

तुझा,
मामा


१७ एप्रिल

ती. मामांना साष्टांग नमस्कार.

झालं.

तिसऱ्या सिलिंडरशेजारच्या भोकात पाणी-तेल लपलं होतं. हवा मारली तशी सगळी पिचकारी माझ्या तोंडावर. तुम्ही लिहिलं नसतंत तर मी तसाच स्टड उतरवला असता. दहाही भोकं काडीला कापूस गुंडाळून तपासली. कापूस कोरडा निघेपर्यंत दुपार गेली.

कागदावर एकशे दहाच होतं, तुमच्या शब्दाला शब्द. पहिली फेरी चाळीस, दुसरी पंचाहत्तर, तिसरी तुमच्या रेघेवर. पाना दहाही वेळा स्वच्छ टक् वाजला. तुम्ही मोजू नकोस म्हणालात म्हणून मी मोजलं. रेघ एकशे दहाच्या एक घर अलीकडे येते. तीनदा मोजलं. मग मनात म्हटलं, पुसलेल्या घरांवर विश्वास ठेवायचा की मामांच्या रेघेवर? बाबांनी आयुष्यभर त्या रेघेवर हेडं आवळली. रेघेवर लावलं.

गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. काल ताईला घेऊन पाण्याच्या टाकीच्या चढावर गेले. ती सगळा वेळ तापमानाच्या काट्याकडे बघत होती, रस्त्याकडे मी बघितलं. उतरताना म्हणाली, "बरं चाललंय." ताईच्या तोंडून हे म्हणजे काय, तुम्हाला माहीत आहे.

ती १९ तारखेला निघतेय. दोन दिवसांचा रस्ता सपाट आहे. नणंदेकडून २८ला पहाटे निघेल, दुपारपर्यंत पंपावर आणि मग पठार. मी रोज हात धुताना दहा नट परत मोजते. एखादा राहिला असेल, असं उगाच वाटतं. राहिलेला नाही. तरी वाटतं.

धाकटी


२२ एप्रिल

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

मोजू नकोस म्हटलं तर मोजलंसच. बापाची लेक. त्याने मात्र वीस वर्षांत एकदाही विचारलं नाही की रेघ अलीकडे का. आता तू विचारलंसच आहेस तर सांगतो, म्हणजे हात धुताना नट मोजणं थांबेल.

कारखान्यात इंजिन चाचणीच्या खोलीत असताना तो पाना माझ्या हातून पडला. खाली काँक्रीट. नियमाने साहेबाला सांगून तपासायला पाठवायचा. त्याच महिन्यात माझी बढती होती, म्हणून नाही सांगितलं. नंतर खोलीतल्या चांगल्या पान्याशी ताडून पाहिला, तर माझा जड झाला होता. दाखवी त्यापेक्षा दहा-बारा जास्त ओढायचा. मग मी एक घर अलीकडे रेघ घासली. रेघेवर लावलं की नट नेमका एकशे दहावर बसतो. तिथून पाना भंगारात निघाला तो मी मागून घेतला आणि तुझ्या बाबांना दिला. त्यालाही एवढंच म्हटलं, ही एकशे दहाची रेघ. मेव्हण्याला भेट द्यायची आणि वर म्हणायचं की ही माझ्या हातून पडलेली आहे, असं कसं म्हणणार?

तेव्हा तुझं मोजणं बरोबर आणि रेघही बरोबर. थोरली आणि छकुली आरामात पठार ओलांडतील. काळजी सोड.

मामा


२६ एप्रिल

मामा,

पाना आता जड नाही.

मार्चमध्ये एका गिअरबॉक्सच्या कामाआधी मी तो माप तपासणाऱ्याकडे दिला होता. त्याने दोन दिवस ठेवला आणि म्हणाला, थोडा फरक होता, काढून टाकला. मी तुम्हाला कळवलं नाही. मामांच्या पान्यावर संशय घेतला असं तुम्हाला वाटेल, आणि मग तीन महिने पत्र येणार नाही, म्हणून. आणि वर मला वाटलं की आता तर रेघ आणखीच बरोबर झाली.

म्हणजे ताईचे दहाही नट दहा-बारा कमी आहेत. सपाटीवर कदाचित काही होणार नाही. पण पठारावर, चढणीला, सामान भरलेलं, बाहेर ऊन. हेड किंचित उचललं तरी गॅस्केट जाईल. आणि तिथे छकुलीला घेऊन ती सावलीसुद्धा नसलेल्या रस्त्यावर उभी राहील.

तुमचं पत्र आज सकाळी अकराला मिळालं. साडेअकराला मी ताईला फोन लावला. आधी छकुली बोलली, तिचा दुसरा दात पडला. मग ताई आली. मी विचारलं, गाडी कशी आहे. ती म्हणाली, "का गं? काही राहिलंय का?" तिचा तो आवाज, मामा. लहानपणी माझी वही तपासताना लावायची तो. मी म्हटलं, "नाही, सहज." ती म्हणाली, "मग ठेव, इथे जेवायला बसलेत."

मी नाही म्हटलं. मला कारणं खूप सुचतात. सांगितलं असतं तर तिने जवळच्या कुठल्याही गॅरेजात नेली असती, त्याने पान्याच्या दांड्याला पाइप लावून ओढलं असतं, एखादा स्टड तुटला असता. किंवा ती गाडी सोडून पोरीला घेऊन मालवाहू ट्रकमध्ये बसली असती. हे सगळं खरं आहे, पण मी नाही म्हटलं ते यासाठी नाही.

बसने मला तिथे पोचायला अडीच दिवस लागतात. आज निघाले तरी ती निघून गेलेली असेल. तुमच्या शेजारच्या शिंपीणकाकूंना मघाशी फोन करून सांगितलंय की कागदावर लिहून मामांना दाखवा, 'पाना मार्चमध्ये दुरुस्त झाला होता. रेघ खोटी. थोरली २८ला दुपारी पंपावर.' त्यांनी दोनदा वाचून दाखवलं आणि विचारलं, पाना कोणाला लागला का.

आता काय करायचं ते मला सुचत नाही. उद्या हिंमत करून तिला परत फोन करेन. करेन असं लिहितेय. करवेल की नाही माहीत नाही.

धाकटी


३० एप्रिल

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

काकूंनी तुला फोन करून एवढंच सांगितलं असेल की गाडी पुढे गेली. बाकीचं हे. तुझं पत्र आज घरी आल्यावर वाचलं.

चिठ्ठी मिळाली तेव्हा मी दाढी करत होतो. अर्धी तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी जुन्या कारखान्यात गेलो. स्टोअरकीपर माझ्या हाताखाली शिकलेला. चांगला, तपासलेला पाना हवा म्हटलं, तर त्याने माझ्याकडून रजिस्टरवर सही घेतली, तारीख घातली आणि पावती दिली. मी शिकवलं तसंच. पाना, टॅपेटचं अंतर मोजायचं फिलर गेज, हेडवरच्या झाकणाचं म्हणजे टॅपेट कव्हरचं नवं रबर, सगळं पिशवीत घालून चार तासांच्या बसने पंपावर. रात्री बाकड्यावर झोपलो. पंपवाला भला माणूस, पण त्याला वाटलं मी घरातून निघून आलोय.

थोरली २८ला साडेबाराला आली. मला बघून ब्रेकच दाबला. तिचं बोलणं मला ऐकू येत नाही, म्हणून छकुलीच्या चित्रकलेच्या वहीत लिहू लागली.

'इथे कसे?'

मी म्हटलं, छकुलीला बघायला आलो.

'आणि पिशवीत हत्यारं?'

आलोच आहे तर इंजिन पण बघतो, म्हटलं.

'गाडी उत्तम चाललीय. हात लावायचा नाही.'

इंजिन तापलेलं होतं, त्या दिवशी हात लावायचाच नव्हता. मी नुसती चावी काढून खिशात टाकली. म्हटलं, उद्या सकाळी देतो. पंपवाल्याने त्यांना खोली दिली. रात्रभर थोरली माझ्याशी एक अक्षर बोलली नाही, म्हणजे तिने लिहिलं नाही.

सकाळी इंजिन गार झाल्यावर कव्हर काढलं. एकेक नट किंचित सैल करून, मधून बाहेर, एकशे दहावर. दहाही फिरले, पहिल्या जागेच्या पुढे. छकुली मोजत होती, प्रत्येक नटाला एक बोट. आठवा आणि नववा जास्त फिरले. आणि तिसऱ्या सिलिंडरच्या बाजूला, हेड आणि ब्लॉकच्या सांध्यावर, केसाएवढी ओली रेष होती. पाण्याची. मी फडक्याने पुसली. टॅपेटचं अंतर परत लावलं, नवं रबर घातलं, गाडी सुरू केली. कान नाहीत म्हणून स्क्रू ड्रायव्हरचं टोक ब्लॉकला आणि मूठ जबड्याच्या हाडाला टेकवून उभा राहिलो. हाडातून कळतं. तासभर चालू ठेवली, दोनदा सांधा पुसला. फडकं कोरडं निघालं. अकरा वाजता चावी दिली.

ओली रेष थोरलीने पाहिली नाही. मी पाठ करून उभा होतो. तिने वहीत शेवटचं विचारलं, 'खरं सांगा मामा, काय बिघडलं होतं?' मी म्हटलं, काही नाही, हौस आली. तुझं नाव यात आणायचं नाही असं ठरवूनच मी घरातून निघालो होतो. माझंही आणायचं नव्हतं, हेही लिहून टाकतो. पडलेल्या पान्याची गोष्ट या वयात थोरलीसमोर सांगायची म्हणजे जरा जड होतं.

त्या रस्त्यावर ती ओली रेष किती टिकली असती, याचा विचार मी करत नाही. तूही करू नकोस. आता हे आपल्या दोघांत राहू दे. तिला सांगून काय मिळणार? आणि पान्यावरची रेघ घासून टाक, आजच.

मामा


६ मे

धाकटे,

फोनवर पोचले एवढंच सांगितलं, कारण इथे फोन लागायला टेकडी चढावी लागते आणि हे टेकडीवरून ओरडून सांगण्यासारखं नाही.

आधी चांगलं. गाडी सुंदर चालली. पठारावर बाहेर आग होती, पण काटा जागचा हलला नाही. दोन ट्रक बोनेट उघडून उभे होते, आम्ही त्यांच्या शेजारून वर गेलो. मी छकुलीला सांगितलं, हे इंजिन मावशीने बांधलंय. तुझ्याबद्दल, वर्कशॉपबद्दल मी जे बोलले होते ते चुकीचं होतं. ते परत घेते. हे मला सोपं गेलं नाही, तेव्हा तू जपून ठेव.

आता दुसरं. मामांना काहीतरी होतंय. ते पंपावर येऊन बसले होते, आदल्या दिवसापासून, अर्धी दाढी केलेले. धडधाकट गाडीची चावी काढून घेतली, आम्हाला एक रात्र अडकवलं आणि सकाळी चांगल्या इंजिनाचं झाकण काढून सगळे नट फिरवत बसले. का, तर म्हणे हौस आली. मग स्क्रू ड्रायव्हर तोंडाला लावून डोळे मिटून तासभर उभे. छकुली हसत होती, मला रडू येत होतं. विचारलं तर माझ्या नजरेला नजर देत नव्हते. मी रोज असे म्हातारे बघते गं. सुरुवात अशीच होते.

शहरात राहणाऱ्या त्यांच्या मुलाशी बोलले. त्यालाही धक्का बसला. तो १५ तारखेला जाऊन त्यांना स्वतःकडे घेऊन येणार आहे. चौथ्या मजल्यावर घर आहे, बाहेर एकटं सोडायचं नाही असं ठरलं. हत्यारं तिथेच कोणालातरी देऊन टाकायची. पंपवाला म्हणाला, त्यांनी पान्याची पावती छातीशी धरून ठेवली होती, कोणाला हात लावू देत नव्हते. तू त्यांना समजावशील ना? तुझं ऐकतात.

ताई


१० मे

ती. ताईस,

तुझं पत्र दुपारी मिळालं. मी लगेच पत्र लिहायला बसले नाही, आधी मामांच्या मुलाला फोन केला आणि त्याला थांबायला सांगितलं. काय झालं ते त्याला सांगितलं. आता तुला सांगते. तू टेकडी चढून मला फोन करशीलच, पण हे माझ्याकडून लिहून यायला हवं.

गाडीत काहीतरी बिघडलं होतं. मी बिघडवलं होतं. दहाही नट मी कमी आवळले होते. बाबांच्या पान्यावर मामांनी घासलेली एक रेघ होती, ती पाना बिघडलेला असतानाच बरोबर होती. मी पाना दुरुस्त करून घेतला, कोणाला सांगितलं नाही, आणि रेघेवर विश्वास ठेवला. मोजल्यावर आकडा जुळत नव्हता. तो मी बघितला आणि सोडून दिला. २६ तारखेला मला कळलं. अर्ध्या तासात मी तुला फोन केला होता. तू विचारलंस, काही राहिलंय का. मी नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशीही करणार होते. फोन हातात घेऊन बसले आणि केला नाही.

मामा हौस म्हणून आले नव्हते. मी चिठ्ठी पाठवली म्हणून आले. अर्धी दाढी त्यामुळेच राहिली. तुझ्या इंजिनाच्या सांध्यावर पाणी झिरपायला लागलं होतं. तू बघू नयेस म्हणून ते पाठ करून उभे होते. स्क्रू ड्रायव्हर जबड्याला लावून ते ऐकत होते, ऐकायला त्यांच्याकडे तेवढंच उरलंय. पावती दुसऱ्याच्या पान्याची होती. पठारावर काटा हलला नाही तो त्यांच्या हाताने, माझ्या नव्हे. छकुलीला तेवढं बदलून सांग.

ते वेडे नाहीत, ताई. मी तुझ्यापुढे चुकलेली दिसू नये म्हणून ते तुझ्यापुढे वेडे दिसले, आणि चौथ्या मजल्यावर जायची वेळ आली तरी बोलले नसते. मुलाला त्यांनी काकूंच्या फोनवरून एवढंच कळवलंय म्हणे, 'तुम्हाला योग्य वाटेल तसं करा.' मामांनी, ज्यांनी आजवर कोणाला नटसुद्धा योग्य वाटेल तसा आवळू दिला नाही.

माझ्याबद्दल तू जे परत घेतलंस, ते पुन्हा बोलायचं असेल तर बोल. मार्चनंतर या पान्याने, त्याच रेघेवर, मी आणखी दोन गाड्यांची हेडं आवळली होती. त्या दोघांना बोलावून, कारण सांगून, उघडून परत बसवली. एकजण पुन्हा येणार नाही असं म्हणून गेला.

मी शुक्रवारच्या बसने निघतेय. आधी मामांकडे, मग त्यांना घेऊन तुझ्याकडे. कव्हर काढून तुझ्यासमोर एकेक नट तपासू. तू उभी राहा आणि विचार. त्यांना ऐकू येणार नाही, तेव्हा वही जवळ ठेव. तोवर गाडी चढावर रेटू नकोस, आणि रोज सकाळी इंजिन गार असताना पाणी बघ. कमी दिसलं तर गाडी जागची हलवू नकोस.

धाकटी